टेबलावर पेशंट नेमका कुठे आहे? केव्ही, सीबीसीटी, पोर्टल आणि सरफेस इमेजिंगची तुलना आपल्याच डिपार्टमेंटमध्ये कशी करायची

मी नाशिकमध्ये रेडिओथेरपी टेक्नॉलॉजिस्ट आहे, म्हणजे कॅन्सरच्या पेशंटना मशीनवर किरणांची ट्रीटमेंट देते. किरण चालू करण्याआधी पेशंट टेबलावर बरोबर जागी आहे का ते इमेज काढून बघावं लागतं. नवीन मुलंमुली ट्रेनिंगला आली की पहिल्या आठवड्यातच विचारतात, मॅडम सीबीसीटी (मशीनवरचाच सीटी स्कॅन) आहे ना, मग केव्हीची जोडी (दोन साधे एक्सरे) कशाला घ्यायची? आणि जिथे पेशंटची रांग लागलेली असते तिथली मुलं बरोबर उलटं विचारतात, केव्हीवर हाडं जुळली ना, मग सीबीसीटीत पाच मिनिटं कशाला घालवायची. दोन्ही प्रश्न बरोबर आहेत आणि दोन्हीचं उत्तर पेशंट बघूनच मिळतं, म्हणून हे सगळं एकदा नीट लिहून काढतेय.

आधी एक सकाळ सांगते. सिन्नरकडचे एक काका, प्रोस्टेटची ट्रीटमेंट चालू होती. त्यांना सांगितलेलं होतं की लघवी करून यायचं, मग अर्धा लिटर पाणी प्यायचं आणि पाऊण तास थांबायचं. काका शहाणे, वेळ वाचावा म्हणून पाणी एसटीतच पिऊन घेतलं, आणि गाडी अडकली द्वारका सर्कलला. आले तेव्हा तोंडावरनंच कळत होतं की थांबवत नाहीये. टेबलावर घेतलं, टॅटू (अंगावरचे खुणेचे ठिपके) लेझरच्या रेषांवर आणले, केव्हीची समोरून आणि बाजूने अशी दोन चित्रं घेतली, पेल्व्हिसची (ओटीपोटाच्या भागाची) हाडं दीड मिलिमीटरच्या आत जुळली. केव्हीवर थांबलो असतो तर बीम ऑन झाला असता, म्हणजे किरण चालू झाले असते. पण प्रोटोकॉल सीबीसीटीचा होता म्हणून घेतला, तर ब्लॅडर (मूत्राशय) प्लॅनिंग सीटीच्या (ट्रीटमेंट आखायला आधी काढलेला सीटी) जवळपास दुप्पट आणि रेक्टममध्ये (गुदाशयात) हा एवढा गॅस, त्या गॅसने प्रोस्टेट सात-आठ मिलिमीटर पुढे ढकललेलं. हाडं जागच्या जागी आणि ज्याच्यावर किरण मारायचे ते भलतीकडे. काकांना उतरवलं, टॉयलेटला पाठवलं, परत पाणी, परत पाऊण तास, परत सीबीसीटी, आणि मग सगळं प्लॅनसारखं दिसलं.

तर कुठली पद्धत चांगली असं विचारून काही हाती लागत नाही, आपल्याला काय बघायचंय ते आधी ठरवायचं. हाड, मऊ अवयव, त्वचा, की हालचाल? हे चार वेगळे प्रश्न आहेत आणि प्रत्येक इमेजिंग त्यातल्या एखाद-दुसऱ्याचंच उत्तर देतं.

पद्धती कोणत्या आणि त्यांना काय दिसतं

पोर्टल म्हणजे ट्रीटमेंटच्याच एमव्ही (मेगाव्होल्ट) बीमने काढलेलं चित्र. हे धुरकट का येतं ते समजून घ्या, पुढे उपयोगी पडतं. केव्ही (किलोव्होल्ट) एक्सरेमध्ये फोटोइलेक्ट्रिक इफेक्टचा (अणू किरण शोषून घेतो त्याचा) वाटा मोठा असतो आणि तो अणुक्रमांकाच्या साधारण तिसऱ्या घातावर चालतो, त्यामुळे कॅल्शियमवालं हाड मांसापेक्षा ठळक उठून दिसतं. एमव्हीला मात्र सगळा कारभार कॉम्प्टन स्कॅटरिंगचा (किरण इलेक्ट्रॉनला आपटून विखुरतात त्याचा), तिथे घनता तेवढी मोजली जाते, मग हाड आणि मांस जवळजवळ एकाच राखाडी रंगात येतं. पण पोर्टलची एक ताकद दुसऱ्या कोणाकडेच नाही, जो बीम पेशंटला लागणार तोच बीम चित्र काढतो. फील्डची कड, एमएलसी (बीमला आकार देणाऱ्या धातूच्या पट्ट्या), फुफ्फुस किती आत येतंय हे प्रत्यक्ष दिसतं. ब्रेस्टच्या टॅन्जंट फील्डला (छातीला चाटून जाणाऱ्या तिरप्या बीमला) मी आजही पोर्टल घेतेच.

केव्हीची जोडी म्हणजे एकमेकांना काटकोनात दोन साधे एक्सरे, ते प्लॅनिंग सीटीवरनं बनवलेल्या डीआरआरशी (कॉम्प्युटरने बनवलेल्या एक्सरेसारख्या चित्राशी) जुळवायचे. पटकन होतं, डोस अगदी कमी, हाड आणि सोन्याचे मार्कर (अवयवात आधी बसवलेले बारीक तुकडे) सुंदर दिसतात. प्रोस्टेटचं मांस, गर्भाशय, ब्लॅडर यातलं काही दिसत नाही, आणि पेशंट कुशीवर थोडा वळला असेल तर ते दोन सपाट चित्रांत सहज निसटतं.

सीबीसीटी म्हणजे गॅन्ट्री (मशीनचा फिरणारा हात) पेशंटभोवती फिरवून घेतलेला सीटी. साध्या लिनॅकवर (किरण देणारं मशीन) एका फेरीला साधारण एक मिनिट लागतं, बंद रिंगवाल्या नव्या मशीनवर ते बरंच कमी झालंय. थ्रीडी दिसतं, मऊ अवयव दिसतात, रोटेशन कळतं. पण किरणांच्या झोताचा कोन मोठा असल्याने स्कॅटर (विखुरलेले किरण) खूप, त्यामुळे प्लॅनिंग सीटीइतकं स्वच्छ चित्र येत नाही, जाड पेशंटमध्ये तर पेल्व्हिस ढगाळच दिसतो. लांबीलाही मर्यादा आहे, एका फेरीत साधारण सोळा-सतरा सेंटिमीटरच शरीर येतं, त्याच्या बाहेर काय चाललंय ते कळत नाही.

सरफेस इमेजिंग म्हणजे छतावरचे कॅमेरे प्रकाश टाकून त्वचेचा आकार वाचतात. डोस शून्य आणि बीम चालू असतानाही सतत बघत राहतं, हे दुसऱ्या फार थोड्या पद्धतींना जमतं. डाव्या ब्रेस्टला श्वास रोखून ट्रीटमेंट देताना हृदय लांब ठेवायचं असतं, तिथे हे फार उपयोगाचं. फक्त त्वचेचा रंग सावळा असेल तर कॅमेऱ्याचं एक्सपोजर त्याप्रमाणे लावून घ्यावं लागतं, आपल्याकडे हे विसरून चालतच नाही. आणि ते बघतं ती कातडी, आत प्रोस्टेट कुठे आहे हे कातडी सांगत नाही.

बाकी मग प्रोस्टेटसाठी अल्ट्रासाऊंड आहे, पण प्रोब दाबला की अवयवच सरकतो. टोमोथेरपीचा एमव्ही सीटी आहे, मेटलचा हिप जॉइंट असेल तर त्यात आर्टिफॅक्ट कमी येतात. एमआर-लिनॅकला मऊ अवयव सगळ्यात छान दिसतात आणि इमेजिंगचा डोसही नाही, पण वेळ खूप जातो आणि किंमत तर विचारूच नका. आणि अजूनही कितीतरी ठिकाणी कोबाल्ट मशीन चालू आहे जिथे ऑनबोर्ड इमेजिंगच नाही, तिथे सगळा भार मास्क, लेझर, एसएसडी (किरणांच्या उगमापासून त्वचेपर्यंतचं अंतर) आणि हाताच्या सफाईवर असतो.

पहिली पायरी: पेशंटच्या आधी मशीन तपासा

तुलना करायची म्हणजे आधी दोन्ही तराजूंचा काटा शून्यावर हवा. सकाळी पहिला पेशंट घेण्याआधी मधोमध छोटा धातूचा गोळा असलेला फँटम (पेशंटच्या जागी तपासणीला ठेवायचा ठोकळा) लेझरवर ठेवा. मग तो मुद्दाम माहीत असलेल्या अंतराने सरकवा, समजा डावीकडे १० मिलिमीटर, डोक्याकडे ५, वर ८. आता केव्ही जोडी घ्या, सीबीसीटी घ्या, पोर्टल घ्या, प्रत्येकाला शिफ्ट (किती सरकवायचं तो आकडा) विचारा. सगळ्यांनी तोच आकडा सांगितला पाहिजे. अमेरिकन मेडिकल फिजिसिस्टांच्या संघटनेचा टीजी-१४२ हा २००९ चा रिपोर्ट आहे, त्यात इमेजिंगचा केंद्रबिंदू आणि ट्रीटमेंटचा केंद्रबिंदू यांच्यातला फरक नेहमीच्या ट्रीटमेंटला २ मिलिमीटरच्या आत आणि एसआरएस-एसबीआरटीला (थोड्याच वेळा मोठा, नेमका डोस द्यायची ट्रीटमेंट) १ मिलिमीटरच्या आत हवा असं दिलंय, आणि हे रोज बघायचंय. काऊच (ट्रीटमेंटचं टेबल) खरंच तेवढाच सरकला का तेही शिफ्ट दिल्यावर परत इमेज घेऊन बघा.

इथे फरक सापडला तर पुढे जाऊ नका, फिजिसिस्टला बोलवा. नाहीतर महिनाभर पेशंटचा डेटा गोळा कराल आणि शेवटी कळेल की फरक पेशंटचा नव्हताच, डिटेक्टरचा होता.

दुसरी पायरी: ज्याच्याशी जुळवायचं तेच नीट नसेल तर?

याकडे सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं. प्लॅनिंग सीटी ५ मिलिमीटरच्या स्लाइसने काढला असेल तर डीआरआर पायऱ्यापायऱ्यांचा दिसतो, मणक्याची कड कुठे संपते तेच कळत नाही, मग तुम्ही केव्हीला कितीही दोष द्या. २ ते ३ मिलिमीटरची स्लाइस घ्या.

प्लॅनिंग सीटीच्या दिवशी पेशंटचं पोट कसं होतं तेही महत्त्वाचं. कळवण, सटाण्याकडनं येणारी माणसं पहाटे निघालेली असतात, काहींनी कालपासून धड खाल्लेलं नसतं, काहींना प्रवासाने गॅस झालेला असतो. त्या दिवशी रेक्टम फुगलेलं असताना सीटी काढला तर तोच फुगवटा पुढची सगळी फ्रॅक्शन्स (एकेका दिवसाचे डोस) तुमचा आदर्श होऊन बसतो आणि रोज पेशंट 'चुकीचा' दिसत राहतो. रेक्टममध्ये जास्त गॅस दिसला तर त्याच दिवशी थांबा, पेशंटला फिरवून आणा, परत स्कॅन करा. तेव्हाचा अर्धा तास पुढच्या सात आठवड्यांचा त्रास वाचवतो.

तिसरी पायरी: चार रकान्यांची वही

आता खरी तुलना. केव्ही आणि सीबीसीटीचे आकडे शेजारी ठेवून वजाबाकी करायची एवढंच बहुतेक जण करतात, आणि त्यातनं काही कळत नाही कारण फरक कशामुळे आला ते मिसळून जातं. मी हे असं करते.

एका साइटचे (शरीराच्या एका भागाचे), समजा फक्त सर्व्हिक्सचे (गर्भाशयाच्या मुखाचे), साधारण वीस पेशंट घ्या. ज्या दिवशी त्यांचा सीबीसीटी प्रोटोकॉलप्रमाणे होणारच आहे त्याच दिवशी त्याच्या आधी केव्ही जोडी घ्या, मध्ये काऊच हलवू नका, पेशंटला खाली उतरवू नका. प्रत्येक वेळी चार गोष्टी लिहायच्या. पहिला रकाना, लेझर-टॅटूचा सेटअप, तो शून्य धरायचा. दुसरा, केव्हीवर हाड जुळवून आलेली शिफ्ट. तिसरा, सीबीसीटीवर फक्त हाड जुळवून आलेली शिफ्ट. चौथा, त्याच सीबीसीटीवर मऊ अवयव जुळवून आलेली शिफ्ट. प्रत्येकात तीन दिशा, आणि तिसऱ्या-चौथ्यात रोटेशनही.

दुसऱ्या आणि तिसऱ्यात जो फरक येतो तो मशीनचा आणि बघणाऱ्याचा, कारण दोन्हीकडे हाडच जुळवलंय. तो मिलिमीटर-दोन मिलिमीटरच्या वर सातत्याने येत असेल तर पहिल्या पायरीवर परत जा. तिसऱ्या आणि चौथ्यातला फरक पेशंटच्या आतला, हाडाच्या मानाने अवयव किती हलला तो. सीबीसीटीसाठी दिलेल्या जास्तीच्या वेळाची आणि डोसची खरी कमाई या दुसऱ्या फरकातच आहे. एखाद्या साइटला तिसरा आणि चौथा रकाना जवळजवळ सारखेच निघाले, जसं ब्रेनला निघतात कारण मेंदू कवटीच्या आत पक्का बसलेला असतो, तर रोजच्या साध्या ट्रीटमेंटला केव्ही पुरतं. आणि सर्व्हिक्ससारख्या ठिकाणी ब्लॅडर भरला-रिकामा झाला की गर्भाशय सेंटिमीटरच्या हिशोबात हलतं, तिथे नुसत्या केव्हीवर विश्वास ठेवून ट्रीटमेंट देणं मला पटत नाही.

जास्तीची केव्ही जोडी घेणं म्हणजे थोडा का होईना जास्तीचा डोस, त्यामुळे डॉक्टरांना विचारून, आणि पुढे पेपर लिहायचा असेल तर एथिक्स कमिटीची परवानगी आधीच घेऊन.

अजून एक, त्याच दहा इमेज तीन जणांकडनं वेगवेगळ्या, एकमेकांचं न बघता जुळवून घ्या. आमच्याकडे पहिल्यांदा केलं तेव्हा पेल्व्हिसच्या मऊ अवयवांच्या मॅचिंगमध्ये दोघींच्या आकड्यात तीन-चार मिलिमीटरचा फरक निघाला. आम्ही दोघी बसलो, प्रत्येक इमेज परत उघडली, तर एक जण प्रोस्टेटची मागची कड पकडत होती आणि दुसरी मधोमध बघत होती. मागची, म्हणजे रेक्टमच्या बाजूची कड पकडायची असं ठरवलं, लिहून भिंतीला लावलं, मग फरक कमी झाला. म्हणजे पद्धतींची तुलना करायच्या आधी बघणारी माणसं सारखी बघतायत का हे तपासायला हवं.

चौथी पायरी: हिशोब

आकडे जमले की कोरिलेशन (दोन्ही आकडे सोबत वरखाली होतात का ते) काढायचा मोह होतो, तो टाळा. केव्ही प्रत्येक वेळी सीबीसीटीपेक्षा बरोबर ५ मिलिमीटर चुकत असेल तरी कोरिलेशन एकदम झकास येईल. त्याऐवजी प्रत्येक जोडीतला फरक काढा, फरकांची सरासरी काढा आणि स्टँडर्ड डेव्हिएशन काढा. सरासरीच्या दोन्ही बाजूला १.९६ पट डेव्हिएशन धरलं की साधारण ९५ टक्के फरक कुठे पडतात ते कळतं. सरासरी सांगते की एक पद्धत कायम एका बाजूला झुकतेय का, आणि पसारा सांगतो की रोज किती भरवसा ठेवायचा.

मग मार्जिन, म्हणजे चुकीसाठी भोवती जास्तीची ठेवायची जागा. व्हॅन हर्क आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये दिलेलं सूत्र सगळीकडे वापरतात, २.५ गुणिले सिस्टिमॅटिक एरर (रोज एकाच बाजूला होणारी चूक) अधिक ०.७ गुणिले रँडम एरर (रोज इकडेतिकडे होणारी चूक). एवढं मार्जिन ठेवलं तर ९० टक्के पेशंटमध्ये सीटीव्हीला (ज्या भागाला किरण द्यायचे त्याला) कमीत कमी ९५ टक्के डोस मिळतो असा त्यामागचा हिशोब. समजायला तीनच पेशंट घेऊ, खरं काम करताना वीस घ्या. एका दिशेत त्यांच्या रोजच्या शिफ्टची सरासरी आली +१, −२ आणि +४ मिलिमीटर. या तिघांची सरासरी १, आणि या तीन आकड्यांचं स्टँडर्ड डेव्हिएशन ३, हा झाला सिस्टिमॅटिक. आता प्रत्येक पेशंटचं स्वतःचं रोजचं डेव्हिएशन समजा २, १ आणि ३. त्यांचे वर्ग ४, १, ९, बेरीज १४, भागिले ३, त्याचं वर्गमूळ साधारण २.२, हा रँडम. मार्जिन झालं ७.५ अधिक १.५, म्हणजे ९ मिलिमीटर.

बघा, ९ पैकी साडेसात मिलिमीटर एकट्या सिस्टिमॅटिकने खाल्ले. रोज थोडं इकडेतिकडे होण्यापेक्षा रोज एकाच बाजूला चुकणं जास्त महागात पडतं. म्हणून मी म्हणते की ज्या सेंटरला रोज सीबीसीटी जमत नाही त्यांनी निदान पहिले तीन ते पाच दिवस सलग घ्या, त्या शिफ्टची सरासरी काढून सेटअप दुरुस्त करा, आणि पुढे आठवड्यातनं एकदा बघा. तेवढ्यानेही सिस्टिमॅटिक एरर बराच खाली येतो. आणि सगळ्या पेशंटची मिळून जी सरासरी आली, इथे १, ती शून्याच्या बरीच लांब असेल तर पेशंटना दोष देऊ नका, सीटी रूमचा लेझर आणि ट्रीटमेंट रूमचा लेझर तपासा.

पाचवी पायरी: डोस आणि वेळ

डोस ग्रे या मापात मोजतात. केव्ही जोडीचा डोस साधारण एक-दोन मिलिग्रे किंवा त्याहून कमी. पोर्टल जोडीचा काही सेंटिग्रेपर्यंत जातो, पण तो प्लॅनमध्ये धरता येतो. पेल्व्हिसच्या सीबीसीटीला साधारण १ ते ३ सेंटिग्रे. समजा २ सेंटिग्रे धरला आणि ३० फ्रॅक्शन रोज घेतला तर ६० सेंटिग्रे, म्हणजे ०.६ ग्रे. प्रिस्क्रिप्शन (ट्रीटमेंटचा ठरलेला एकूण डोस) ६० ग्रे असेल तर एक टक्का. त्याच अमेरिकन संघटनेच्या २०१८ च्या टीजी-१८० रिपोर्टमध्ये इमेजिंगचा डोस प्रिस्क्रिप्शनच्या ५ टक्क्यांच्या वर जात असेल तर तो हिशोबात धरा असं म्हटलंय, त्यामुळे मोठ्या माणसाच्या पूर्ण ट्रीटमेंटला रोजचा सीबीसीटी घाबरण्यासारखा नाही. लहान मुलाचा विषय वेगळा. तिथे छोटा एक्सपोजर प्रीसेट, कमीत कमी लांबी, आणि जिथे हाडावर भागतंय तिथे केव्हीच.

वेळेचं गणित मात्र आपल्याकडे जास्त खरं आहे. जन आरोग्य योजनेचे, खाजगी, असे सगळे मिळून एका मशीनवर दिवसाला भरपूर पेशंट, आणि प्रत्येकामागे चार-पाच मिनिटं वाढली की संध्याकाळची शेवटची मावशी पिंपळगावची गाडी चुकते. हे मी हलकं मानत नाही. म्हणून तर चार रकान्यांची वही, कुठल्या साइटला मिनिटं खर्च करायची आणि कुठल्या नाही ते तिच्यातनं ठरतं.

सहावी पायरी: साइटप्रमाणे निवड

हेड-नेक आपल्याकडे खूप, तंबाखू-गुटख्याची तोंडं. मास्कमध्ये मान असते म्हणून निर्धास्त राहू नका. जबडा, वरचे मानेचे मणके आणि खालचे मणके हे तिन्ही वेगवेगळे हलतात, मान थोडी वाकली की वर जुळतं आणि खाली सुटतं. केव्हीवर हे लॅटरल (बाजूच्या) चित्रात दिसतं, पण किती आणि कुठे ते सीबीसीटीवर कळतं. ऑटोमॅचची (कॉम्प्युटरने आपोआप जुळवायची) चौकट लावताना जबडा बाहेर ठेवा, मणके आत ठेवा, आणि जिथे हाय डोस आहे तिथे डोळ्याने बघा. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात गिळता येत नाही म्हणून वजन उतरतं. एका ताईंच्या गालाशी मास्कच्या आत माझी दोन बोटं सहज गेली, दोन आठवड्यांपूर्वी एक जात नव्हतं. केव्हीवर सगळी हाडं जुळत होती, सीबीसीटीवर मात्र मान बारीक झालेली आणि पॅरोटिड (कानाजवळची लाळग्रंथी) आत सरकलेली. डॉक्टरांना दाखवलं, नवीन मास्क, नवीन सीटी, नवीन प्लॅन.

ब्रेस्टला माझा क्रम असा, सरफेस असेल तर त्याने सेटअप, मग टॅन्जंटचं पोर्टल, त्यात फुफ्फुस किती येतंय ते मोजायचं आणि ५ मिलिमीटरच्या वर फरक असेल तर हात, खांदा, ब्रेस्ट बोर्ड परत बघायचं. आता फास्ट-फॉरवर्ड ट्रायलनंतर काही पेशंटना २६ ग्रे पाच फ्रॅक्शनमध्ये एका आठवड्यात देतात, तिथे एका दिवसाची चूक म्हणजे पाचवा हिस्सा चुकला, त्यामुळे तिथे रोज इमेज हवीच हवी.

प्रोस्टेटमध्ये सोन्याचे मार्कर असतील तर केव्ही जोडी उत्तम चालते, जागा अचूक मिळते. पण मार्कर रेक्टम-ब्लॅडर दाखवत नाहीत, म्हणून मार्कर असले तरी मधूनमधून सीबीसीटी. मार्कर नसतील तर रोज सीबीसीटी, यात माझ्याकडनं सूट नाही.

सर्व्हिक्समध्ये एक अडचण आहे जी कुठलंही इमेजिंग सोडवत नाही, फक्त दाखवतं. लिम्फ नोड हाडांच्या सोबत राहतात आणि गर्भाशय ब्लॅडरच्या सोबत फिरतं, काऊच एकच आहे, दोघांना एकाच वेळी खूश करता येत नाही. हाडावर जुळवा आणि गर्भाशय पीटीव्हीच्या (मार्जिन धरून आखलेल्या भागाच्या) आत आहे का ते सीबीसीटीवर बघा. नसेल तर काऊच ओढत बसू नका, ब्लॅडर परत नीट करा.

फुफ्फुसात श्वास. सीबीसीटी मिनिटभर फिरतो, तेवढ्यात पेशंट बारा-पंधरा श्वास घेतो, त्यामुळे गाठ पुसट, लांबट दिसते. ती पुसट सावली फोरडी सीटीवरनं (श्वासाची हालचाल टिपणारा सीटी) काढलेल्या आयटीव्हीच्या (गाठ श्वासात जिथेजिथे फिरते त्या सगळ्या भागाच्या) आत बसतेय का ते बघायचं. मणक्यावर जुळवून थांबू नका, गाठीची सरासरी जागाच मणक्याच्या मानाने रोज थोडी बदलू शकते.

आणि हाडात पसरलेला, कण्हत आलेला पेशंट, ज्याला ८ ग्रेचं एकच फ्रॅक्शन द्यायचंय, त्याला केव्ही जोडी किंवा पोर्टल, पटकन, आणि खाली. त्याच्यासाठी टेबलावरचं प्रत्येक मिनिट दुखणं आहे.

सातवी पायरी: आकडा आला, आता काय

शिफ्ट आली की लगेच अॅप्लाय दाबू नका. काऊचची शिफ्ट एक सेंटिमीटरच्या वर, किंवा रोटेशन तीन डिग्रीच्या वर असेल तर आत जा, पेशंटला परत झोपवा. तीन डिग्री थोडं वाटतं, पण आयसोसेंटरपासून (ट्रीटमेंटच्या केंद्रबिंदूपासून) १० सेंटिमीटर लांबच्या नोडला ते ५ मिलिमीटर सरकवतं, आणि साध्या काऊचवर ते सरळ करता येत नाही. मोठी शिफ्ट दिली असेल तर दिल्यावर परत एक इमेज.

मोठ्या शिफ्टला का थांबायचं, ते माझ्यासमोर घडलंय. खूप वर्षांपूर्वी, मी ज्या ठिकाणी शिकत होते तिथे, पाठीच्या मधल्या मणक्याची ट्रीटमेंट होती. केव्ही जोडी घेतली, मी जुळवली, सुंदर बसली, शिफ्ट आली डोक्याकडे सव्वादोन सेंटिमीटर. मला वाटलं पेशंट खाली सरकला असेल. सिनियर सर मागे उभे होते, त्यांनी नुसतं विचारलं, टॅटू तर लेझरवर होता ना गं? होता. मग सव्वादोन सेंटिमीटर कुठनं आले? छातीचे मणके एकासारखे एक दिसतात, मी एक मणका सोडून जुळवलं होतं. आकडा मणक्याच्या उंचीइतकाच होता. बीम चालू झाला नव्हता म्हणून बरं, पण त्या दिवशी हात थरथरत होते. तेव्हापासून छाती-पाठीला मी बरगड्या, श्वासनलिका दुभंगते ती जागा, नाहीतर सगळ्यात खालच्या बरगडीपासून मोजत वर येते, आणि शंका असेल तर लांब केव्ही घेते. इथे सीबीसीटीही आपोआप वाचवत नाही, सोळा सेंटिमीटरच्या तुकड्यात चुकीचा मणका तितकाच छान जुळतो.

ऑटोमॅचनंतर रंगीत ओव्हरले किंवा चौकटीचं चित्र सरकवून तिन्ही प्लेनमध्ये स्वतः बघा. गॅसच्या फुग्याला ऑटोमॅच भुलतो.

आणि चार्टमध्ये नुसती शिफ्ट लिहू नका. कशावर जुळवलं, हाड, मार्कर की मऊ अवयव, ब्लॅडर कसा होता, कोणी जुळवलं, कोणी तपासलं, हे त्याच ओळीत. सिन्नरच्या काकांच्या चार्टमध्ये त्या दिवसासमोर मी लिहिलं होतं, 'पाणी बसमध्ये प्यायले, गॅस, परत तयारी, दुसरा सीबीसीटी ठीक', आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या शिफ्टच्या मुलीने ते वाचून त्यांना दारातच विचारलं, काका, आज पाणी इथे आल्यावर प्यायचं हं.